एमजीबी चढाला ओढेनाशी झाली तर: नवख्या मालकासाठी तपासणीचा क्रम

जुनी ब्रिटिश गाडी नव्याने घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: गाडी सुरू होते, सपाटीवर बरी चालते, पण चढ आला की ओढत नाही. अशा वेळी बॉनेट उघडल्यावर नजरेत भरतात ते दोन चकचकीत एसयू कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग. त्यांना फिरवायला स्क्रू आहेत, नट आहेत आणि हात शिवशिवत असतात. मीही नेमकी हीच चूक केली होती. त्यामुळे सुरुवातीलाच सांगून ठेवतो की या लेखात कार्बोरेटर जवळजवळ शेवटी येतो, आणि तसे करण्याला सबळ कारण आहे.

उदाहरणासाठी मी एमजीबी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन येथे या गाड्या पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाल्या. सुटे भाग आजही सहज मिळतात, त्यामुळे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला एखादा मराठी हौशी माणूस जुन्या गाडीच्या नादी लागला तर त्याची सुरुवात अनेकदा हिच्यापासूनच होते. तिचे १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर ५४०० आरपीएमला ९५ अश्वशक्ती देते. पुण्या-मुंबईत जुनी अ‍ॅम्बेसेडर सांभाळणाऱ्यांनाही हा लेख उपयोगी पडेल, कारण तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले आहे. मात्र पुढे दिलेले आकडे एमजीबीचे आहेत. अ‍ॅम्बेसेडरसाठी तिच्याच मॅन्युअलमधले आकडे घ्यावेत.

काहीही उघडण्यापूर्वी

सर्वांत आधी एक वही घ्या आणि तक्रार नेमकी काय आहे ते लिहून काढा. जोर हळूहळू, काही महिन्यांत कमी झाला की एका दिवसात गेला? इंजिन थंड असताना बरे आणि तापल्यावर वाईट, असे होते का? मधल्या वेगात सगळे ठीक असून पूर्ण पाय दाबल्यावरच दम जातो का? आणि तो जातो तेव्हा इंजिन धक्के देत मिसिंग करते (मध्येच एखादी पेट चुकवते), की गुळगुळीतपणे मंदावते? धक्के देत जाणारी ताकद बहुतेक वेळा इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेकडे, बोट दाखवते, तर गुळगुळीतपणे, कोणीतरी मागून धरल्यासारखी जाणारी ताकद इंधनाकडे किंवा यांत्रिक झिजेकडे. हा नियम अचूक नाही, पण सुरुवात कुठून करायची हे ठरवायला पुरेसा आहे.

त्यानंतर एक ठरलेला चढ निवडा. माझ्यासाठी तो स्ट्रॅटफर्डकडून बॅनबरीकडे येताना लागणारा सनरायझिंग हिलचा चढ आहे. रस्ता मोकळा असताना, ठरलेल्या खुणेपाशी ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या गिअरमध्ये पोहोचून, पाय पूर्ण दाबल्यावर वरच्या खुणेपाशी वेग किती उरतो ते शेजारी बसलेल्या माणसाला टिपायला सांगा. प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करायची आहे. 'आता बरी वाटते' या भावनेवर विसंबू नये, कारण दोन तास राबल्यानंतर प्रत्येकालाच आपली गाडी बरी वाटते.

हत्यारे फार लागत नाहीत: फिलर गेज (फटी मोजण्याची पाती), प्लगचा पाना, मल्टिमीटर, टायमिंग लाइट (ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते दाखवणारा दिवा), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे) आणि इंचातले पाने. पान्यांच्या बाबतीत कंजुषी करू नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण घट्ट नटावर तो सरकतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. मीटर किंवा टायमिंग लाइट जोडण्याआधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबींमध्ये धन टोक बॉडीला असते, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलट. शिवाय मधल्या काळात कोणा मालकाने ते बदललेलेही असू शकते.

दोष खरोखर इंजिनाचाच आहे का

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण यावर अर्धा तास घालवला तर पुढचे कित्येक रविवार वाचू शकतात. सपाट जागेवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलून पाहा. धडधाकट माणसाला ती एकट्याने हलवता आली पाहिजे. मग दहा मैल चालवून आणा, शक्यतो ब्रेक न लावता थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या, पण धातूला स्पर्श करू नका. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर ब्रेक धरून राहिला आहे. जुन्या रबरी ब्रेक होज आतून फुगतात, त्यामुळे पेडल दाबल्यावर तेल पुढे जाते पण मोकळेपणाने परत येत नाही. बाहेरून ती होज अगदी चांगली दिसते.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० मैलांवर पाय पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम वाढले पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच सरकत आहे आणि इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही.

शेवटी इंजिन बंद ठेवून कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि कार्बोरेटरच्या स्पिंडलवरचे दोन्ही लिव्हर शेवटच्या थांब्यापर्यंत पोहोचतात का ते पाहा. केबल ढिली झाल्यामुळे किंवा पेडलखाली नवा जाड गालिचा घातल्यामुळे थ्रॉटल पाऊणच उघडतो, असे पुष्कळदा दिसते. त्याच वेळी चोकची केबल आत ढकलल्यावर दोन्ही जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या) पूर्ण वर परत येतात का तेही पाहून घ्या.

आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन

यापुढचा क्रम मोडू नये: टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे संपर्क), टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण), पेट्रोलचा पुरवठा आणि मग कार्बोरेटर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलते, आणि टायमिंग बदलले की आयडलिंग आणि मिश्रण यांचे दिसणारे रूप बदलते. टायमिंग चुकलेले असताना जुळवलेला कार्बोरेटर टायमिंग दुरुस्त झाल्यावर चुकीचाच ठरतो.

टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवावी. व्हॉल्व्ह रेडिएटरच्या बाजूने १ ते ८ मोजायचे. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे त्याचा आकडा ९ मधून वजा करा. जो आकडा उरेल त्या व्हॉल्व्हची फट त्या क्षणी तपासायची. पहिला पूर्ण उघडा असेल तर आठवा, तिसरा उघडा असेल तर सहावा. इंजिन फिरवण्यासाठी चारही प्लग काढून ठेवा आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून सावकाश ढकला.

फट वाढलेली असेल तर फक्त टकटक आवाज येतो आणि थोडी ताकद जाते. ती कमी झालेली किंवा नाहीशीच झालेली असेल तर मात्र गंभीरपणे घ्यावे. या इंजिनाचे हेड बिडाचे असून त्याच्या मूळ व्हॉल्व्ह सीट शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून केलेल्या होत्या. ब्रिटनमध्ये २००० सालाच्या सुरुवातीपासून तसे पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेले. शिशाचे संरक्षण नसताना सतत जोरात चालवलेल्या इंजिनात एक्झॉस्ट सीट झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जात राहतो आणि वरची फट आपोआप मिटत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १, ४, ५ आणि ८ हे आहेत. नेमक्या याच क्रमांकांच्या फटी पुन्हा पुन्हा कमी होताना वहीत दिसल्या, तर हेड काढून कठीण सीट बसवून घेण्याची वेळ जवळ आली आहे, असे समजावे.

फटी बरोबर केल्यानंतरच कॉम्प्रेशन मोजावे, कारण न मिटणारा व्हॉल्व्ह गेजवर झिजलेल्या इंजिनासारखाच दिसतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाची) तार सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, कार्बोरेटरचे पिस्टन वर उचलून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर स्टार्टर सारखाच वेळ फिरवा. उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनात साधारण १६० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) अपेक्षित असते, पण गेज आणि बॅटरीनुसार आकडा थोडा हलतो, म्हणून मी आकड्यापेक्षा चौघांतल्या सारखेपणाला जास्त महत्त्व देतो. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग आणि बोअर झिजले आहेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट पाहावे. मधले दोन, म्हणजे २ आणि ३, दोन्ही एकदम खाली असतील तर त्यांच्यामधल्या जागेत हेड गॅसकेट फुटल्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. कॉम्प्रेशनच नसलेल्या इंजिनाचे ट्यूनिंग करणे म्हणजे फुटक्या माठाला रंग देणे होय.

इग्निशन: बहुतेक दुखणी इथेच असतात

प्लगची फट ०.०२५ इंच ठेवा. एनजीकेचा बीपी६ईएस हा या इंजिनाला चालणारा आणि सहज मिळणारा प्लग आहे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असून डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत कार्बनचा छोटा ब्रश असतो. तो स्प्रिंगवर मोकळा हलला पाहिजे आणि टोपीत केसासारखी काळी रेघ दिसता कामा नये, कारण त्या रेघेवाटे ठिणगी भलतीकडे पळते.

पॉइंटची फटही ०.०१५ इंचच आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपी. जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला असतो. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज टेंगळावर टेकते आणि खरी फट मोजलीच जात नाही. ते सरळ बदलावेत. बदलताना कंडेन्सरवरही (पॉइंट जळू नयेत म्हणून जोडलेल्या छोट्या भागावरही) संशय ठेवा, पण जुना चालू कंडेन्सर फेकू नका. आज बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरचा आणि रोटर आर्मचा दर्जा फार असमान आहे, आणि नवा भाग घातल्यावर गाडी आणखी बिघडण्याचे प्रकार या नादात सर्रास होतात. तापल्यावर मिसिंग करणारी आणि अर्धा तास थांबवल्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी असेल, तर कंडेन्सर आणि कॉइल हे दोन पहिले संशयित धरावेत. कॉइलचा प्राथमिक रोध मीटरवर मोजा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला तो साधारण ३ ओम येतो, तर रबरी बंपरच्या नंतरच्या गाड्यांमधल्या बॅलास्ट पद्धतीच्या (वायरिंगमध्ये वेगळा रोध असलेल्या) कॉइलला त्याच्या निम्मा. चुकून बॅलास्टच्या वायरिंगवर ३ ओमची कॉइल बसवली असेल तर ठिणगी कायम अशक्त राहते आणि चढावर ते जाणवते.

आता माझी चूक सांगतो. माझ्या गाडीला सनरायझिंग हिलवर पाय दाबताच एक झटका बसायचा आणि ताकद निघून जायची. पाय सैल केला की पुन्हा ठीक. मला ते पेट्रोल कमी पडल्याचे लक्षण वाटले आणि मी तीन आठवडे कार्बोरेटर उघडत राहिलो, फ्लोटच्या सुया बदलल्या, एक पंपही बदलला. शेवटी शेजारच्या एका निवृत्त मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, इंजिनाच्या ओढ्याने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून हवा ओढली आणि मला आत बघायला सांगितले. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट काही अंश फिरली. तिच्यासोबत कापडी वेष्टनातली एक बारीक काळी तारही वळली, आणि वळताना वेष्टनाखाली ती एका जागी विचित्र मऊपणे वाकली. त्याने नखाने वेष्टन सरकवले. आतले तांब्याचे धागे एक-दोन सोडून सगळे तुटलेले होते, टोके काळी पडली होती.

लुकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये अशा दोन लवचिक तारा असतात: एक पॉइंटकडे येणारी आणि एक प्लेटला अर्थिंग (बॉडीशी जोड) देणारी. हलक्या पायाने चालवताना व्हॅक्यूम प्लेटला ओढून धरतो. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट झटकन मागे फिरते आणि तुटकी तार त्याच क्षणी वेगळी होते. म्हणजे दोष विजेचा, पण येतो मात्र पेट्रोलच्या वेषात. नवी तार घेताना साध्या वायरचा तुकडा लावू नका, कारण तो महिन्याभरात तुटतो. अनेक बारीक धाग्यांची लवचिक तारच हवी. आणि टोपी उघडली की तोंडाने हवा ओढण्याची ही चाचणी दर वेळी करा. प्लेट फिरली पाहिजे आणि नळीचे तोंड जिभेने बंद धरले तर फिरलेलीच राहिली पाहिजे. राहिली नाही तर डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटला आहे.

टायमिंगकडे येऊ. क्रँक पुलीवर एक खाच असते आणि टायमिंग कव्हरवर काटे असतात. जुन्या गाड्यांमध्ये हे काटे खालच्या बाजूला असल्याने गाडीखाली जावे लागते. उच्च कॉम्प्रेशनच्या सुरुवातीच्या इंजिनांना बंद स्थितीत १० अंश (पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधी), आणि व्हॅक्यूमची नळी काढून ६०० आरपीएमला टायमिंग लाइटखाली १४ अंश, असा मूळ आकडा आहे. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, तेव्हा आपल्या इंजिनाच्या क्रमांकाप्रमाणे मॅन्युअल पाहावे.

तरीही आयडलिंगचा आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट झाली. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजने आणि दोन स्प्रिंग असतात, आणि वेग वाढला की ती वजने बाहेर पडून ठिणगी आणखी लवकर पाडतात. पन्नास वर्षांत तिथले वंगण डिंकासारखे घट्ट झालेले असते. वजने अडकली की आयडलिंगला सगळे बरोबर दिसते, पण वरच्या आरपीएमला ठिणगी उशिराच पडत राहते. असे इंजिन तापते, सुस्त होते आणि पेट्रोल जास्त पिते. तपासायला सोपे आहे. टोपी काढून रोटर हाताने फिरवा आणि सोडा, तो स्प्रिंगने आपोआप परत आला पाहिजे. मग टायमिंग लाइट धरून आरपीएम हळूहळू ३००० च्या पुढे न्या. खूण सावकाश आणि सलग सरकत साधारण ३० ते ३२ अंशांपर्यंत गेली पाहिजे. सरकलीच नाही तर रोटरखालच्या वाटीतून हलक्या तेलाचे काही थेंब सोडा, त्यानेही सुटले नाही तर डिस्ट्रिब्युटर उतरवून साफ करावा. चढावर इंजिन नॉक करू (आतून ठोके देऊ) लागले तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या. नॉकिंग सहन करत गाडी पळवण्याचा मोह टाळावा.

पेट्रोल पोहोचते का

इथून पुढे इंजिन थंड ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि गॅरेजचे दार उघडे ठेवा. एमजीबीत कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नेमके वर बसलेले असतात, त्यामुळे गळणारे पेट्रोल तापलेल्या लोखंडावरच पडते.

सर्वांत सोपी चाचणी रस्त्यावरच करता येते. चढावर ताकद जाऊ लागली की चोक अर्धा इंच ओढा. एसयूमध्ये चोक म्हणजे जेट खाली जाऊन मिश्रण श्रीमंत होणे (पेट्रोलचे प्रमाण वाढणे), दुसरे काही नाही. ओढल्यावर इंजिन सावरले तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरत आहे. आणखी बिघडले तर मिश्रण आधीच श्रीमंत आहे. काहीच फरक पडला नाही तर मागे जाऊन इग्निशन पुन्हा तपासा.

पेट्रोल कमी पडण्याचा एक ठरीव नमुना असतो. पूर्ण पाय दाबल्यावर पहिले काही सेकंद गाडी उत्तम ओढते, मग मंदावते, कारण फ्लोट चेंबरमधला (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीतला) साठा संपतो आणि पंप तो भरून काढू शकत नाही. पाय सैल सोडला की पुन्हा सावरते. अशा वेळी कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत घ्या आणि पंप चालू करा. मिनिटाला निदान अर्धा लिटर पेट्रोल, बुडबुड्यांशिवाय, सलग आले पाहिजे. बुडबुडे दिसले तर टाकीपासून पंपापर्यंतच्या सांध्यातून हवा ओढली जात आहे. धार बारीक असेल तर टाकीचे झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येऊन धार वाढली, तर हवा आत येण्याची वाट बंद झाली होती एवढेच. न वाढल्यास टाकीतला गंज, तुंबलेली जाळी आणि फिल्टर यांकडे वळा. एसयूचा विजेचा पंप टिकटिक करतो आणि चेंबर भरले की जवळजवळ गप्प होतो. सारखी वेगाने टिकटिक चालू असेल तर गळती किंवा हवा, आणि पूर्ण शांतता असेल तर त्याचे पॉइंट जळालेले समजावेत. बोटाने टोला दिल्यावर चालू होणारा पंप घरी पोहोचवतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने आतून सुटतात आणि काळा चिखल फ्लोटच्या सुईवर बसतो. इथेनॉल सोसणारी, आर९ असा शिक्का असलेली होज वापरावी आणि शक्य असेल तर पाच टक्क्यांचे सुपर पेट्रोल भरावे. भारतात आता २० टक्के मिश्रण सर्वत्र आल्याने जुन्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी नळ्यांची तपासणी अधिक तातडीने करावी, असे माझे मत आहे.

आता कार्बोरेटर

एसयूचे तत्त्व समजले की भीती जाते. हवेचा ओढा वाढला की वरच्या घुमटातला पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंद होते, आणि पिस्टनला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून त्याच प्रमाणात पेट्रोल सोडते. सुरुवातीच्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता असे. एसयू बनवणाऱ्या स्किनर बंधूंच्या घराण्याचा धंदा पादत्राणांचा होता, हे कळल्यावर त्या चामड्याचे नवल वाटत नाही.

इंजिन बंद ठेवून घुमटावरचा डॅम्पर (तेलात बुडणारा छोटा दट्ट्या) काढा, पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. तो मोकळेपणाने खाली येऊन टक् असा स्वच्छ आवाज झाला पाहिजे. अडखळला तर घुमट आणि पिस्टन सॉल्व्हंटने पुसून काढा, पण काचकागद लावू नका आणि एका कार्बोरेटरचा पिस्टन दुसऱ्याच्या घुमटात घालू नका, ते जोडीने जुळवलेले असतात. डॅम्परमध्ये एसएई २० तेल भरा. तेल संपलेले असेल तर एकदम पाय दाबल्यावर इंजिन क्षणभर अडखळते, हे नवख्या माणसाला सर्वांत स्वस्तात सापडणारे दुखणे आहे.

मिश्रणाला हात लावण्यापूर्वी भलतीकडून हवा शिरत नाही ना ते पाहा. मॅनिफोल्डचे गॅसकेट, ब्रेक सर्व्होची नळी, क्रँककेसच्या वाफा नेणाऱ्या नळ्या आणि झिजलेले थ्रॉटल स्पिंडल ही चार ठिकाणे आहेत. कार्ब क्लीनरचा फवारा मारून पाहण्याची पद्धत रूढ आहे, पण गरम एक्झॉस्टवर तो मारणे मला पटत नाही. मी पाण्याचा बारीक फवारा वापरतो. आयडलिंग बदलले की जागा सापडली.

मग इंजिन गरम असताना दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळीचे टोक धरून दुसरे टोक कानाला लावा आणि हवेचा हिस् आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू जुळवा. त्यानंतर एकेका कार्बोरेटरखालची उचलपिन दाबून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण श्रीमंत आहे, लगेच पडला तर गरीब, आणि किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. एचएस४ या आधीच्या प्रकारच्या एसयूमध्ये जेटखालचा नट खाली उतरवला की श्रीमंत, वर चढवला की गरीब. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा, म्हणजे एक षष्ठांश फेरा, आणि दोन्ही कार्बोरेटरवर मोजून लिहा. नंतरच्या एचआयएफ४ मध्ये यासाठी बाजूला स्क्रू असतो.

इतके करूनही उरले तर

सगळे आकडे बरोबर असून वरच्या आरपीएमला गाडी गुदमरत असेल, तर सायलेन्सरची आतली पत्रे कोसळून वाट बंद झालेली असू शकते. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडून ३००० आरपीएम धरून ठेवा. काटा स्थिर न राहता सावकाश घसरत गेला तर एक्झॉस्ट सोडवून एकदा चालवून पाहावे. दुसरी शक्यता झिजलेल्या कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) आहे. प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर किती खाली जातो ते डायल गेजने मोजा. मूळ कॅमला हा आकडा सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास येतो. एक-दोन व्हॉल्व्ह इतरांपेक्षा मिलिमीटरभर कमी उघडत असतील, तर टॅपेटची फट कितीही काटेकोर ठेवली तरी ती ताकद परत येत नाही आणि कॅमशाफ्ट फॉलोअरसह (त्यावर टेकणाऱ्या भागांसह) बदलावा लागतो. हे काम पहिल्याच वर्षी स्वतः करू नये, असा माझा सल्ला राहील.

नवे पॉइंट घातले असतील तर पाचशे मैलांनंतर टोपी पुन्हा उघडा. कॅमवर घासणारी त्यांची टाच सुरुवातीच्या दिवसांत बसते, फट कमी होते आणि तिच्यासोबत टायमिंगही मागे सरकते. फट पुन्हा ०.०१५ करून टायमिंग लाइट धरा, नवा आकडा वहीत तारखेसह लिहा आणि मगच चढावर जा.